टॅली, ते हिशेबाचं विकतचं सॉफ्टवेअर, घेतलं एकदाचं!

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून हिशेबाला बसले. मसाल्याची 3 वर्षांची बिलं लिबरऑफिस या फुकट सॉफ्टवेअरच्या कॅल्कमध्ये, म्हणजे तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये. एक रुपयाही न मोजता निभावलं, तेही मराठी मेनूसकट. पण सीए काका म्हणाले, "ताई, गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर हातानं टाकता. एक अक्षर चुकलं की त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, अडकतं."

खरंय. मागच्या महिन्यात एका दुकानदाराची त्यापायी बोलणी खाल्ली, वर जीएसटीच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती.

तर बिलं टॅलीत. दरपत्रक, लेबलं, पत्रं मात्र लिबरऑफिसमध्ये फुकटातच, तिथे कशाला पैसे?

आमचे हे म्हणतात, "कांडप मशीन घेताना एवढा विचार केला नव्हतास." अहो, मशीन आवाज तरी करतं!

आता 212 गिऱ्हाइकांची नावं चढवायचीत. चहा ठेवलाय.