370झेड डिफ अपडेट: क्राउन-पिनियन वाचलं, हिशोब मात्र परत बदलला

मंडळी, माझ्या निसान 370झेडचा डिफ (डिफरन्शियल, इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा) उघडला एकदाचा आणि बातमी चांगली आहे, क्राउन-पिनियन (डिफमधली मोठ्या-छोट्या गिअरची मुख्य जोडी) शाबूत आहे! मागच्या पोस्टमध्ये लिहिलेला तो ताशी 70 ते 90 किमीच्या मधला आवाज, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिला की वाढायचा आणि सोडला की सूर बदलायचा, तो पिनियनच्या मागच्या बेअरिंगचा निघाला. आऊटर रेसवर नखाएवढा पापुद्रा सुटलाय, बोट फिरवलं की कड लागते. क्राउनच्या दातांवर मात्र कुठे टवका नाही.

याचं महत्त्व पैशात सांगतो. क्राउन आणि पिनियन जोडीनेच लॅप केलेले (एकमेकांवर घासून जुळवलेले) असतात, एक गेला की दोन्ही बदलायचे. अख्ख्या नव्या असेंब्लीचा जो आकडा मला मिळाला त्यात चांगल्या कंडिशनची सेकंडहँड हॅचबॅक येते, आणि वर डिलिव्हरीची तारीख कोणीच सांगत नाही. बाहेरून स्वतः मागवावं म्हटलं तर 15 टक्के बेसिक ड्यूटी, त्या ड्यूटीवर 10 टक्के सरचार्ज, मग सगळ्यावर 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे लाखाचा पार्ट दारात येईपर्यंत 1 लाख 37 हजारांचा होतो आणि एवढ्या वजनदार लोखंडाचं फ्रेट वेगळं. जपानमधून जुना डिफ मागवा असं बऱ्याच जणांनी सुचवलं, पण वापरलेले पार्ट आयात करायला डीजीएफटीची (केंद्राच्या परदेश व्यापार खात्याची) परवानगी लागते, त्यामुळे तो विषय मी सोडला. बेअरिंग, सील, क्रश स्लीव्ह (पिनियन नट आवळताना दबणारी नळी) आणि मशीन शॉपचं काम एवढ्यावर भागत असेल तर रिबिल्डच करायचा, माझं मत पक्कं आहे.

आता खरी डोकेदुखी, पिनियनची शिम, म्हणजे पिनियन किती आत बसेल ते ठरवणारी पातळ चकती. नवीन बेअरिंग नंबराने तेच असलं तरी उंचीत दोन-चार शतांश मिलिमीटर फरक पडतोच, आणि तेवढ्यानेही दातांचा कॉन्टॅक्ट सरकतो. जुनीच शिम घालून पहिल्यांदा बसवलं, दातांना ब्लू (खूण उमटवणारा रंग) मारून फिरवलं तर दात टेकल्याचा पॅटर्न दाताच्या वरच्या कडेकडे चढलेला, म्हणजे पिनियन क्राउनपासून लांब राहिलाय, शिम जाड पाहिजे. दरवेळी प्रेसवर बेअरिंग काढ-घाल केली तर नवीन बेअरिंगचीच वाट लागणार, म्हणून त्याच नंबरचं एक जादा बेअरिंग घेऊन त्याचं बोअर जरा मोठं करून घेतलं, ते हाताने बसतं आणि हाताने निघतं, दोघांच्या उंचीतला फरक मोजून लिहून ठेवायचा फक्त. ज्यांना डिफ घरी उघडायचाय त्यांनी हे आधी करा. ट्रायल करताना क्रश स्लीव्ह घालायची नाही, ती एकदा दबली की परत कामाची नाही.

शिम कंपनीकडून येईपर्यंत गाडी स्टँडवर राहिली असती. भोसरी एमआयडीसीत एका छोट्या सरफेस ग्राइंडिंगवाल्या काकांकडे गेलो, त्यांनी आधी माझं मायक्रोमीटर बाजूला ठेवलं, स्वतःच्या मायक्रोमीटरने जुनी शिम चार ठिकाणी मोजली आणि मगच विचारलं, ‘किती पाहिजे बोल.’ जुनीपेक्षा 0.06 मिमी जाड नवीन शिम सांगितली, दोन्ही बाजू समांतर, एकदम तंतोतंत दिली. पुण्यात राहण्याचा हा फायदा आहे राव.

परत ब्लू मारला. पॅटर्न दाताच्या मधोमध, ड्राइव्ह साइडला (पाय दिल्यावर जोर घेणारी बाजू) आणि कोस्ट साइडलाही (पाय सोडल्यावरची)! बॅकलॅश (दोन गिअरच्या दातांमधली मोकळीक) बेकर कंपनीच्या डायल गेजवर 0.13 मिमी, मॅन्युअलमध्ये 0.10 ते 0.15 दिलंय, आणि क्राउन फिरवून वेगवेगळ्या ठिकाणी मोजला तरी काटा जवळपास तिथेच. मी त्या दातांचे फोटो किती काढलेत विचारू नका. गेज घ्यायचाच असेल तर चांगला घ्या, ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या गेजचा काटा शून्यावर परतच येत नाही.

हे लिहिता लिहिता मात्र दुसरंच डोक्यात आलंय. कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) बाहेर आहे आणि त्यातला व्हिस्कस एलएसडी (एक चाक मोकळं फिरू न देणारी यंत्रणा) थकलाय हे बोपदेव घाटात हेअरपिनला आतलं चाक मोकळं फिरतं तेव्हाच कळलं होतं. आत्ता सगळं बंद केलं आणि पुढच्या वर्षी हेलिकल (गिअरवर चालणारा एलएसडी) टाकायचा ठरवला तर डिफ परत खाली, साइड बेअरिंग, साइड शिम, बॅकलॅश सगळं नव्याने. म्हणजे लेबर दोनदा. क्वेफ कंपनीचा हेलिकल आर200 ला (माझ्या डिफचं मॉडेल) मिळतो, क्लच प्लेट नाहीत त्यामुळे साधं जीएल-5 गिअर ऑइल चालतं, त्यात फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण बदलणारं अ‍ॅडिटिव्ह) नको. ड्यूटी धरून खिशाला चांगलंच भोक पडेल, पण नव्या असेंब्लीपेक्षा तरी कमीच.

तर क्रश स्लीव्ह अजून पिशवीतच आहे, पिनियन नट फायनल टाइट करत नाही. मागचं डिफ बुश (डिफला गाडीच्या सांगाड्यावर धरणारी रबरी गादी) फाटून त्यातलं तेल गळतंय, ते या निमित्ताने बदलणार, पॉलीयुरेथेन नको, त्याने गिअरचा सगळा आवाज केबिनमध्ये येतो. क्वेफचा भाव मागवलाय. कोणी आर200 मध्ये हेलिकल बसवला असेल तर साइड शिम किती बदलावी लागली तेवढं सांगा, मी ते बघूनच काकांकडे पुढच्या शिम टाकतो.