तुमच्या नावावर खटलाच नाही : ‘स्कॉट्स लॉ’च्या तिकिटाचा माझा अनुभव

आपल्यावरचा खटला न्यायालयाच्या नोंदीत सापडत नाही, हे ऐकून कोणालाही हायसे वाटावे; मला मात्र त्याच एका वाक्याने महिनाभर धड झोप लागू दिली नाही. रस्त्याकडेला उभ्या वाहनापासून दूरची लेन न धरल्याबद्दल मिळालेले तिकीट, म्हणजे पोलिसांचे चलान, माझ्या हातात होते, त्यावर न्यायालयात हजर राहण्याची तारीख होती, आणि काचेच्या पलीकडची व्यक्ती मला शांतपणे सांगत होती की या नावाचा कोणताही खटला त्यांच्याकडे नाही.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मी शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरातून आंतरराज्य महामार्ग ८८ वरून घरी येत होतो. उजवीकडच्या कडेच्या पट्टीवर एक टो-ट्रक पिवळे दिवे लुकलुकवत उभा होता आणि त्याचा चालक वाकून बंद पडलेल्या गाडीला साखळी लावत होता. मी वेग कमी केला, पण लेन बदलली नाही. डावीकडची लेन मोकळी होती, हे मला आजही मान्य करावे लागते. पुढच्या दोन मिनिटांत माझ्यामागे लाल-निळे दिवे लागले. पोलीस अधिकाऱ्याने सौम्य आवाजात विचारले, की तो माणूस तुमच्या दारापासून किती हातांवर होता, हे तुम्ही पाहिलेत का? मी पाहिले नव्हते.

माझी समजूत अशी होती की लुकलुकत्या दिव्यांना वाट देण्याचा नियम पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांच्यापुरताच आहे. भारतात गाडी चालवायला शिकलेल्या माणसाच्या डोक्यात रुग्णवाहिकेला वाट देणे एवढेच बसलेले असते. तिकडच्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९४-ई आणि त्यातला दहा हजार रुपयांचा दंडही आपत्कालीन वाहनाला वाट न देण्याबद्दलच आहे. उभ्या गाडीपासून आपण दूर सरकायचे, ही कल्पना मला नवी होती. अमेरिकेत साउथ कॅरोलिनाने असा कायदा १९९६ मध्ये प्रथम केला आणि २०१२ मध्ये हवाईने केल्यावर तो पन्नासही राज्यांत पोहोचला. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमधला कायदा शिकागो अग्निशमन दलाचे लेफ्टनंट स्कॉट गिलेन यांच्या नावावरून ‘स्कॉट्स लॉ’ म्हणून ओळखला जातो. २३ डिसेंबर २००० रोजी डॅन रायन द्रुतगती मार्गावर एका अपघातस्थळी काम करत असताना मद्यधुंद चालकाच्या गाडीखाली त्यांचा मृत्यू झाला. कायदा २००२ पासून लागू आहे. त्यात टो-ट्रक आणि रस्तादुरुस्तीची वाहने येतात, आणि २०१७ पासून धोक्याचे दिवे लावून उभी असलेली कोणतीही साधी मोटारसुद्धा येते. एकाच दिशेने दोन किंवा अधिक लेन असतील आणि सुरक्षितपणे शक्य असेल, तर लेन बदलावीच लागते. ते शक्य नसेल तरच वेग कमी करून पुरेसे अंतर राखून जाण्याची मुभा आहे. म्हणजे मी पर्याय निवडला होता आणि मुख्य नियम सोडून दिला होता.

मंडळातील एका ज्येष्ठ काकांनी लगेच सल्ला दिला, “अरे, वाद घालत बसू नकोस, ऑनलाइन पैसे भर आणि मोकळा हो.” वेगमर्यादेच्या तिकिटाला हा सल्ला चालला असता. माझ्या तिकिटावर मात्र न्यायालयात प्रत्यक्ष हजर राहणे सक्तीचे असल्याची खूण होती आणि दंडाची रक्कम छापलेलीच नव्हती. पहिल्या गुन्ह्याला किमान २५० आणि कमाल १०,००० डॉलर, एवढी मोठी दरी वाचल्यावर नेमका आकडा कळावा म्हणून मी काउंटी (जिल्हा) न्यायालयाच्या क्लार्क कार्यालयाच्या, म्हणजे खटल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाच्या, संकेतस्थळावर गेलो, आणि तिथेच अडकलो.

तिकिटावर तिकिटाचा क्रमांक असतो. खटल्याचा क्रमांक नोंदणी झाल्यावर पडतो. संकेतस्थळ खटल्याचा क्रमांक किंवा आडनाव विचारत होते. आडनाव घातले, काही सापडले नाही. एक आठवडा थांबलो, तरी सापडले नाही. दूरध्वनी केला, चाळीस मिनिटे तेच संगीत ऐकले, आणि उत्तर मिळाले की कागद अजून आले नसतील, दहा दिवसांनी पाहा. दहा दिवसांनी अर्धी रजा टाकून मी स्वतः खिडकीवर गेलो. तिथल्या तरुणाने माझे आडनाव टंकले, पडद्याकडे पाहिले आणि ते वाक्य उच्चारले. मी तिकीट काचेला लावून दाखवले. तो म्हणाला की कदाचित पोलिसांनी ते पाठवलेच नसेल. मग त्या तारखेला यायचे की नाही, असे मी विचारले, तेव्हा कायदेशीर सल्ला देण्याची आम्हाला परवानगी नाही, हे त्याने फलकाकडे बोट दाखवून सांगितले. आलो नाही तर माझ्या गैरहजेरीत मला दोषी ठरवून निकाल देता येतो, हे त्याच तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले होते. पोलीस ठाण्याला फोन केला तर त्यांनी ठामपणे सांगितले की तिकीट दुसऱ्याच दिवशी न्यायालयात पोहोचले आहे. दोन कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवत होती, आणि दोन्हीकडची माणसे अत्यंत नम्र होती. उद्धट कारकुनावर निदान चिडता तरी येते.

दुसऱ्या फेरीतही तेच झाले. तिसऱ्या फेरीला रांग शेजारच्या खिडकीकडे वळली आणि एका वयस्क बाईंनी तिकीट न मागता माझा वाहन परवाना मागितला. त्यांनी जन्मतारीख टाकून शोध घेतला आणि दहा सेकंदांत खटला सापडला. तो माझ्या वडिलांच्या नावाने नोंदलेला होता. परवान्यावर वरच्या ओळीत आडनाव आणि खालच्या ओळीत माझे नाव व वडिलांचे नाव असते. अधिकाऱ्याने थंडीत हाताने लिहिताना ती तिन्ही नावे त्याच क्रमाने एका ओळीत उतरवली, आणि नोंद करणाऱ्याने शेवटचा शब्द तो आडनाव असे गृहीत धरले. आपल्या शाळेच्या हजेरीपटावर आडनाव पहिले येते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तोच क्रम इथे मला महिनाभर बेपत्ता करून गेला. पहिल्या खिडकीवरच्या तरुणाला जन्मतारखेने शोधता येत नव्हते का? येत होते. मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. नावातली दुरुस्ती खिडकीवर होत नाही, न्यायाधीशांसमोर सांगा, असे बाईंनी बजावले.

न्यायालयातला दिवस त्यामानाने किरकोळ ठरला. सरकारी वकिलांनी तिकीट पाहिले, माझी नोंद स्वच्छ असल्याचे पाहिले आणि न्यायालयीन देखरेखीचा प्रस्ताव ठेवला. म्हणजे गुन्हा कबूल करायचा, ठरलेल्या मुदतीत पुन्हा चूक करायची नाही, वाहतूक सुरक्षेचा वर्ग करायचा, आणि मुदत नीट पार पडली की दोषसिद्धीची नोंद होत नाही. मी वाद घातला नाही, कारण वाद घालण्यासारखे माझ्याकडे काहीच नव्हते. किमान दंड, या कायद्याच्या निधीसाठी वेगळे २५० डॉलर आणि न्यायालयाचा खर्च मिळून रक्कम सातशेच्या थोडी वर गेली. टो-ट्रकच्या चालकाला साधे खरचटले असते तरी खटला फौजदारी झाला असता आणि परवाना निलंबित झाला असता, हे न्यायाधीशांनी कोरडेपणाने सांगितले. तेव्हा ती रक्कम मला स्वस्त वाटू लागली.

कोणावर अशी वेळ आलीच तर तिकीट हातात पडताच त्यावरचे नाव परवान्याशी ताडून पाहावे आणि खिडकीवर पहिल्याच वाक्यात जन्मतारखेने शोधायला सांगावे. खटला सापडला नाही तरी तिकिटावरच्या तारखेला जावेच. सुरक्षा तपासणीची रांग सकाळी इमारतीबाहेर येते, तेव्हा अर्धा तास आधी पोहोचावे. प्रत्येक फेरीची तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. ती माझ्याकडे नव्हती, म्हणून न्यायाधीशांना सगळे आठवून सांगताना मी अडखळलो. आणि रस्त्यावर लुकलुकणारा दिवा दिसला की त्याचा रंग न पाहता आधी आरशात पाहून डावीकडे जावे. वेग कमी करण्याचा विचार त्यानंतर.

निकालाची प्रमाणित प्रत जरूर मागून घ्यावी, कारण पुढे नागरिकत्वाच्या अर्जात अशा प्रसंगांविषयी विचारणा होते. माझी प्रत टपालाने आली तेव्हा न्यायाधीशांनी नाव दुरुस्त करण्याचा आदेश दिल्याचे त्यात स्पष्ट लिहिले होते, आणि वरच्या रकान्यात आडनावाच्या जागी अजूनही वडिलांचेच नाव होते. दुसऱ्या प्रतीचे शुल्क वेगळे पडले.