सड्यावरची दीपकाडी

मी खाजगी मोजणीची कामं करतो, जास्त करून राजापूर तालुक्यात. पावसाळ्यात सहसा कोणी मोजणी काढत नाही, पण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका पार्टीला सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरच्या, गटाची हद्द लगेच हवी होती, चिरेखाण काढायची म्हणून. मदतीला येणारा मुलगा ऐनवेळी आलाच नाही, तर शेजारचे नाना म्हणाले चल मी येतो. नाना रिटायर्ड मास्तर, वय 74, माझ्याहून तीसेक वर्षांनी मोठे पण आमची दोस्ती जुनी. पाखाडी चढताना धाप मला लागली, ते आपले पुढे.

मे महिन्यात इथं चपलेतून पाय भाजतात, नुसता काळा कातळ, आणि आता सगळीकडे हिरवी लव, खळग्यात पाणी, बेडूक ओरडतायत. मी रोव्हरची, म्हणजे मोजणीच्या जीपीएस यंत्राची, काठी घेऊन कोपऱ्याच्या पॉईंटकडे निघालो, नजर स्क्रीनवर, अजून दोन मीटर, एक मीटर, आणि नानांनी मागून दंड धरला. "अरे थांब, पाय देव नको, खाली बघ."

खाली दीपकाडी फुललेली. जांभ्याच्या फटीत जेमतेम वीतभर माती, त्यातून एक सरळ दांडा आणि त्यावर लांब नळीची पांढरीशुभ्र फुलं, पाकळ्यांची टोकं मागे वळलेली, एकीच्या टोकाला पावसाचा थेंब अडकलेला. मी गुडघ्यावर बसून किती वेळ बघत होतो. नाना सांगत होते, हिचा कांदा वर्षभर मातीत झोपून असतो आणि पहिल्या पावसानं उठतो, कोकण-गोव्याकडचे सडे सोडले तर फारशी कुठे मिळत नाही, शास्त्रीय नावातच कोकण आहे, डिपकॅडी कोंकनेन्से. डॅल्झेल नावाच्या ब्रिटिश माणसानं 1850 साली तिची नोंद केली म्हणे, आणि मी इथलाच, इतकी वर्षं दर पावसाळ्यात तिला गवत समजून तुडवत आलो असणार! खूप वाईट वाटलं खरंच.

मग मोजणी बाजूला राहिली. दोघांनी वाकून वाकून शोधली, 41 झाडं, सगळी त्याच कोपऱ्यात. नाना म्हणाले श्रावण-भाद्रपदात परत ये, गेंद आणि सीतेची आसवं ही फुलं येतील, ती सीतेची आसवं मुळाशी बारीक पिशव्यांत किडे पकडतात कारण ह्या मातीत त्यांना खायला पुरेसं नसतंच.

सातबाऱ्यावर ह्या सगळ्या जागेला पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, असं लिहिलंय. मी आजवर तो शब्द हजार वेळा वाचला असेल, कधी काही वाटलं नव्हतं.

पार्टीला फोन करून सांगितलं की खाण पूर्वेकडून सुरू करा, हा कोपरा सोडा. ते म्हणाले आधी नकाशा पाठव मग बघू. 41 झाडांचे 41 पॉईंट रोव्हरमध्ये घेतलेत, नकाशावर प्रत्येकापुढे दीपकाडी असं लिहून पाठवणार आहे. रविवारी नानांबरोबर परत वर जातोय, पलीकडचा सडा बघायचा राहिलाय.