गळ्यावरचा भोवरा

इंदूरमध्ये पाणी दोन प्रकारचं असतं: नर्मदा आणि बोरिंग. "पाणी आलं का?" असं आमच्याकडे फारसं कुणी विचारत नाही, "नर्मदा आली का?" असंच विचारतात. १९७८ पासून ती नदीकाठच्या जलूद गावाहून सत्तर किलोमीटर येते, वाटेत विंध्य चढते, आणि बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड पोचते. तिच्या सुट्टीच्या दिवशी बोरिंग. माळव्याच्या काळ्या पाषाणातून उपसलेल्या या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, बादलीला पांढरा थर धरतो आणि साबणाला फेस येत नाही. घरातल्या बायका हे वर्षानुवर्षं सांगत होत्या. माझ्या कानात ते शिरलं ते दाढीचा डबाबंद फोम सोडून ब्रश आणि साबण हातात घेतल्यावर.

फोमला पाण्याशी देणंघेणं नसतं, बटण दाबलं की तो आपला बाहेर येतो. साबणाचं तसं नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम त्याला आधीच गाठतं, आणि फेसाऐवजी वाटीच्या कडेला चिकट पांढुरका साका जमतो. म्हणून आमच्या न्हाणीघरात हल्ली नर्मदेची एक बाटली वेगळी भरलेली असते. तिच्यावर मी "फक्त दाढीसाठी" अशी चिठ्ठी चिकटवली आहे. ती वाचून बायकोने विचारलं, "देव्हाऱ्यात ठेवू का?"

हे सगळं सुरू झालं गळ्यामुळे. जबड्याच्या खाली, डाव्या अंगाला, मला कायम केसतूड व्हायचं. एक बसेपर्यंत दुसरं हजर. आता गेल्या पन्नास वर्षांत रेझरमधली पाती कशी वाढत गेली बघा. १९७१ मध्ये एकाची दोन झाली, १९९८ मध्ये तीन, २००६ मध्ये पाच. पहिलं पातं केसाला धरून जरा वर ओढतं, आणि तो परत आत जायच्या आत मागचं पातं त्याला कापतं, अशी त्यामागची कल्पना. गाल गुळगुळीत होतो यात वादच नाही. पण कापलेलं टोक कातडीच्या खाली जाऊन बसतं, आणि केस वळणदार असला की त्याला बाहेरची वाट सापडत नाही, तो आतल्या आत वाढू लागतो. त्वचेच्या डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले: एका पात्याने दाढी करा, नाहीतर दाढी राखा. दुसरा उपाय घरात बहुमताने फेटाळला गेला. मतदानाला मला बोलावलं नव्हतं.

राजवाड्यामागच्या गल्लीतल्या जनरल स्टोअरमध्ये एका पात्याचा जुना सेफ्टी रेझर मागितला, तर दुकानदाराने आधी माझ्या दाढीकडे पाहिलं. "भिया, किसके लिए? दादाजी के लिए?" मी स्वतःकडे बोट दाखवल्यावर तो स्टूल घेऊन वरच्या फळीवर चढला. तिथून एक हलका, प्लास्टिकच्या दांड्याचा रेझर निघाला आणि एक पितळेचा, क्रोमचा मुलामा दिलेला. मी पितळेचा उचलला, कारण या यंत्रात वजनालाच काम असतं. टोपी, खालची पट्टी आणि दांडा असे त्याचे तीन तुकडे. पातं जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाड, हातात धरलं तर लवलवतं. टोपी आणि पट्टी यांच्यामध्ये वाकून आवळलं गेलं की मगच ते ताठ होतं.

नवख्याने दातेरी पट्टीचा रेझर घेऊ नये, आणि धार फार बाहेर डोकावणाराही नको. पाती घेतानाही एकदम शंभराची पेटी उचलायची घाई नको. टोपाझ, सुपरमॅक्स, सेव्हन ओ'क्लॉक असे वेगवेगळे पुडे आणावेत आणि निवाडा गालावर सोडावा. एकाला लोण्यासारखं चाललेलं पातं दुसऱ्याला ओरबाडतं. फेदर या फार धारदार जपानी पात्याची कीर्ती ऐकून तिथूनच सुरुवात करणारे शूर असतात. त्यांच्या हनुवट्या लांबूनही ओळखू येतात. पैशाचं म्हणाल तर एका कार्ट्रिजच्या, म्हणजे अनेक पात्यांच्या रेझरच्या बदलायच्या डोक्याच्या, किमतीत या पात्यांचे पाच-सहा पुडे सहज येतात. मात्र ही बचत फार दिवस हाती राहत नाही. ब्रश, वाटी, चंदनाचा साबण, मग दुसरा ब्रश, अशी ती हळूहळू त्याच दुकानात परत जाते.

धार गेली की पातं फेकून द्यायचं, ही कल्पना किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन विक्रेत्याची. वस्तऱ्याला सुरक्षित करायचे प्रयत्न त्याच्या कितीतरी आधीचे. अठराव्या शतकात पॅरिसच्या झाँ-झाक पेरे या सुऱ्या-वस्तरे बनवणाऱ्या कारागिराने वस्तऱ्याला लाकडी आवरण बसवून पाहिलं होतं, आणि आपली दाढी आपण कशी करावी यावर चक्क पुस्तक लिहिलं होतं. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी कुदळीच्या घाटाचा सेफ्टी रेझर काढला. पण त्याचं पातं जाड, चामड्याच्या पट्ट्यावर घासत बसावं लागणारं. कागदासारखं पातळ आणि तरीही धारदार पोलाद होऊच शकत नाही, असं जाणकार सांगत असत. ते जमवलं जिलेटच्या जोडीच्या विल्यम निकरसन या इंजिनिअरने. १९०३ मध्ये, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, खपले ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं आणि खप हजारांत गेला. जिलेटने रेझर फुकट वाटून पात्यांवर पैसा केला, ही व्यवस्थापनाच्या वर्गांतली आवडती गोष्ट आहे. ती खरी नाही. पहिला रेझर पाच डॉलरला होता, आणि त्या काळी तेवढ्यासाठी कामगाराला दोन-तीन दिवस राबावं लागे. खरा खप वाढवला पहिल्या महायुद्धाने: विषारी वायूचा मुखवटा गालावर घट्ट बसायचा तर दाढी चालत नाही, म्हणून अमेरिकी सैनिकांना रेझर सरकारनेच दिले.

आपल्याकडे या पात्याने धोकटी घेऊन दारी येणाऱ्या न्हाव्याचं येणं कमी केलं, आणि त्याच्याबरोबर गल्लीतल्या बातम्याही गेल्या. पण न्हाव्याने त्या पात्यावर सूड उगवला म्हणा किंवा समेट केला म्हणा, आजच्या सलूनमधला वस्तरा उघडून पाहा. आत तेच पातं, पुड्यातल्या पुड्यात मधोमध मोडून, अर्धं बसवलेलं असतं.

असो. रेझर आला, पाती आली. मग पहिलं काम निघालं ते दाढी न करण्याचं. दोन दिवस खुंट वाढू द्यायचे आणि बोटांनी चेहरा चाचपायचा. ज्या दिशेने बोट गुळगुळीत जातं ती सुलट, जिकडे खरखर लागते ती उलट. एवढंच, पण हे करायला बसलो आणि थक्क झालो. उजव्या गालावर केस सरळ खाली येतात. डाव्या गालावर ते कानाकडे कलतात. कंठमण्याच्या खाली ते वरच्या दिशेने वाढतात, म्हणजे तिथे खालून वर हीच सुलट. आणि जबड्याच्या खाली, डाव्या अंगाला, नेमकं जिथे केसतूड होतं तिथे, चक्क एक भोवरा आहे. लहान मुलांच्या टाळूवर असतो तसा, गोल फिरलेला. पंचवीसेक वर्षं रोज सकाळी आरशात जो चेहरा पाहिला, त्यात ही जागा होती आणि ती मला माहीत नव्हती. माहीत असायची गरजच कधी पडली नव्हती. कार्ट्रिजचं डोकं मानेवर हलतं, चढ-उतार त्याचं तोच बघून घेतं, खालून वर एक हात मारला की काम संपतं.

डोक्यावर दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात, असं आपल्याकडे म्हणतात. गळ्यावरच्या भोवऱ्याचं फळ काय, ते मी आईला विचारलं. तिने उत्तर द्यायच्या आधी सुनेकडे पाहिलं.

सेफ्टी रेझरचं डोकं हलत नाही, म्हणून हलायचं मनगटाने. टोपी गालाला सपाट टेकवायची, दांडा समोर सरळ, आणि मग दांडा हळूहळू खाली आणायचा. पातं कातडीला जेमतेम लागलं की थांबायचं. हा कोन साधारण तीस अंशांचा भरतो, पण कोनमापक घेऊन कुणी दाढी करत नाही. आवाज ऐकायचा. कोन बरोबर असला की खुंट कापले जाताना बारीक करकर ऐकू येते, बिघडला की ती बंद होते. म्हणून एक्झॉस्टचा पंखा बंद ठेवावा आणि मोबाईलवरची भजनं नंतर लावावीत. दाबायचं अजिबात नाही. हीच गोष्ट सगळ्यात जड जाते, कारण कार्ट्रिजने हाताला दाबायची सवय लावलेली असते. सुलट एक हात, पुन्हा फेस, मग आडवा एक हात. उलटा हात गालांपुरता, तोही हात बसल्यावर. सलूनमध्ये कारागीर नेहमी विचारतो, "उल्टा मार दूँ?" माझ्या भोवऱ्याला त्याचं उत्तर कायम नाही असं आहे, तिथे मी चारही बाजूंनी, केस वळतील तसं, बोटभर लांबीचे हात फिरवतो आणि थोडी खरखर राहू देतो. केसतूड आता क्वचितच होतं.

बाबा दाढी करताना जे चेहरे करायचे त्यांचाही उलगडा यात झाला. एक गाल आत, तोंड तिसरीकडे, नाकाचा शेंडा चिमटीत धरून वर, जीभ वरच्या ओठाच्या आतून दाबलेली. आम्ही भावंडं दाराआड उभी राहून हसायचो. ते सगळं कातडी ताणण्यासाठी होतं. ढिल्या कातडीवर पातं अडखळतं, ताणलेल्यावर नाही.

शेवटी गार पाणी आणि तुरटी. पावसाळ्यात गढूळ पाण्यातून फिरवतात तीच. बारीकसारीक कापलं असेल तर ती रक्त थांबवते, पण तिचा खरा उपयोग परीक्षकाचा. जिथे हाताने जोर केला तिथे ती झोंबते, जिथे नाही तिथे गप्प राहते. आफ्टरशेव्हला हा विवेक नाही, तो सरसकट झोंबतो.

पाण्याच्या बाबतीत या रेझरचा एक गुण मात्र इंदूरकराने मानलाच पाहिजे. जिलेट कंपनीने २००२ मध्ये भारतासाठी एक स्वस्त दोन पात्यांचा रेझर काढला होता. त्याची चाचणी अमेरिकेत, एमआयटी या विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांवर झाली, आणि सगळं छान जमलं. इथे आल्यावर तो पात्यांमध्ये केस अडकून बंद पडू लागला, कारण त्या विद्यार्थ्यांच्या बेसिनला वाहता नळ होता आणि इथला माणूस मगभर पाण्यात दाढी उरकत होता. मग कंपनीची माणसं इथल्या घरांत येऊन बसली, लोक दाढी कशी करतात ते पाहिलं, आणि २०१० मध्ये एका पात्याचा रेझर बाजारात आला, पंधरा रुपयांना. जुन्या सेफ्टी रेझरला हा शोध लावावा लागला नाही. मगात बुडवून दोनदा हलवला की तो स्वच्छ होतो. नर्मदेच्या सुट्टीच्या दिवशीही अडचण नाही.

राहता राहिलं वापरलेलं पातं. एक पातं माझ्या गालावर चार-पाच दाढ्या टिकतं. आधीच्या पिढीत ते काचेच्या पेल्यात आतल्या अंगाने घासून आणखी चालवत, आणि दाढीतून निवृत्त झाल्यावर शिवण उसवायला, पेन्सिलींना टोक काढायला, नखं काढायला देत. कंपासपेटीत कागदात गुंडाळलेलं अर्धं पातं असणाऱ्या मुलाला वर्गात मान होता. अमेरिकेत तर न्हाणीघरातल्या आरशाच्या कपाटाला मागे फट ठेवत, आणि वापरलेली पाती तिच्यातून थेट भिंतीच्या पोकळीत टाकत; जुनी घरं पाडताना अजूनही भिंतीतून गंजलेल्या पात्यांचे ढीग निघतात. इंदूरला असलं काही खपणार नाही. २०१७ पासून आम्ही देशात स्वच्छ शहर म्हणून पहिले, आणि ते टिकवायला सकाळच्या गाडीत कचऱ्याचे सहा वेगळे कप्पे आहेत. पाती "घरगुती घातक" या कप्प्यात जातात. उघडी टाकली तर गाडीवरच्या माणसाचा हात कापायचा, म्हणून दूध पावडरच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला खाच पाडून घेतली आहे. भरला की झाकण चिकटवून अख्खा डबाच द्यायचा.

शेजारचे काका ऐंशीच्या पुढचे, त्यांनी जन्मभर सेफ्टी रेझरखेरीज काही वापरलेलं नाही. डब्याची बातमी कळल्यावर ते काडेपेटीत साठवलेली पाती घेऊन आले, माझा ब्रश, वाटी, नर्मदेची बाटली असा थाट पाहिला आणि म्हणाले, "अरे, यात शिकायचं काय होतं?" मग सगळी काडेपेटी डब्यात रिकामी केली. त्यांची पाती तेव्हापासून माझ्याच डब्यात येतात. ती टोपाझची असतात, माझी सेव्हन ओ'क्लॉकची, आणि कुठली चांगली यावर आमचं एकमत व्हायची काही चिन्हं नाहीत.