उताराच्या बागेत दगडी भिंत, कमी खर्चात आणि स्वतःच्या हातांनी

परदेशात स्वतःचं घर घेतलं की एक गोष्ट फार लवकर कळते: सामान परवडतं, मजुरी परवडत नाही. आमच्या घरामागची बाग उताराची आहे. जोराचा पाऊस झाला की वरची माती सुटून खाली यायची आणि मागच्या दारातल्या पायवाटेवर चिखल बसायचा. माती अडवायला रिटेनिंग वॉल हवी हे उघड होतं. ठेकेदाराने दिलेल्या अंदाजपत्रकात दगडांपेक्षा मजुरीच कितीतरी जास्त होती, म्हणून ही भिंत आम्ही नवरा-बायकोनेच बांधली. सहा मीटर लांब, जमिनीवर ६० सेंटीमीटर उंच, सिमेंट न वापरता नुसत्या रचलेल्या दगडांची. फोटो पाहून मायदेशातून बऱ्याच जणांनी कसं केलं ते विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझ्या मामाची उभी हयात बांधकामांवर देखरेख करण्यात गेली. पहिला फोन त्याला केला. कोणता दगड घेऊ, केवढा घेऊ, असं मी विचारत होते. तो म्हणाला, "दगडाचं मग बघू. भिंतीमागे पाणी येणार, ते कुठून बाहेर जाणार ते आधी सांग." पुढच्या सगळ्या कामात हा एक प्रश्न मी सोडला नाही, आणि पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही, हेही त्याच प्रश्नाने ठरवलं.

थोडं गणित सांगते, कारण ते कळलं की बाकीचं काम आपोआप समजतं. माती भिंतीला आडवी ढकलते आणि खोली वाढेल तसा हा रेटा वाढत जातो. त्यामुळे उंची दुप्पट केली की एकूण रेटा दुप्पट नाही, चौपट होतो, आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. साधारण वाळूमिश्रित कोरडी माती ६० सेंटीमीटरच्या भिंतीला दर मीटर लांबीमागे ११० किलोच्या आसपास वजनाइतक्या जोराने ढकलते. हीच भिंत १.२ मीटर असती तर तो आकडा ४४० किलोवर गेला असता. आता मागे काठोकाठ पाणी साचलं असं धरा. ६० सेंटीमीटरच्याच भिंतीवरचा रेटा सव्वादोनशे किलोच्या पुढे जातो, म्हणजे दुपटीहून जास्त. आमच्या भिंतीचं जमिनीवरचं वजन मीटरमागे पावणेपाचशे किलोच्या घरात आहे. कोरड्या मातीला ते सहज पुरतं. पाणी साचू दिलं, तर सगळं काठावर येतं. बागेतल्या भिंती पोट काढतात, पुढे कलतात, त्यामागे बहुतेक वेळा पाण्याला वाट न मिळणं हेच कारण असतं.

हा हिशोब ज्याने पहिल्यांदा नीट मांडला तो कूलोम. शाळेत विजेच्या प्रकरणात भेटतो तोच. मुळात तो फ्रेंच सैन्यातला इंजिनिअर होता आणि मार्तिनिक बेटावर त्याने बरीच वर्षं किल्ल्याचं काम केलं होतं. १७७३ मध्ये त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे जो निबंध वाचला त्यात भिंतीमागची माती पाचरीच्या आकारात तुटून घसरते, असं धरून रेटा काढला आहे. अडीचशे वर्षांनंतरही ही रीत वापरात आहे. आपल्या बागेतल्या कंबरेएवढ्याही नसलेल्या भिंतीला तोच नियम लागू पडतो, याचं मला खरोखर अप्रूप वाटलं.

उंची ६० सेंटीमीटर ठरवली ती यामुळेच. शिवाय बऱ्याच देशांत साधारण मीटर-सव्वा मीटरच्या वर भिंत गेली की परवानगी आणि इंजिनिअरचं रेखाटन लागतं. काही ठिकाणी त्याहून कमी उंचीलाही. नियम जागोजागी वेगळे असतात, तेव्हा स्थानिक कार्यालयात विचारूनच सुरुवात करावी. खणण्याआधी जमिनीखालून गॅसची नळी, विजेची केबल, सांडपाण्याचा पाइप जातो का हेही शोधून घ्यावं. भिंत हद्दीला लागून असेल, तर शेजाऱ्याशी आधी बोलावं. या चौकशीला पैसे जवळजवळ लागत नाहीत आणि ती टाळून वाचलेला वेळ कधीच वाचत नाही.

दगड आम्हाला जवळपास फुकट मिळाले. कुणी जुनी भिंत पाडत असतं, कुणाला अंगणातली फरशी काढायची असते, आणि तो राडारोडा उचलून टाकायलाच त्यांना पैसे पडतात. "आम्ही घेऊन जातो" म्हटलं की माणसं खूश होतात. तुटलेल्या काँक्रीटच्या लाद्याही चालतात. उलट त्या सपाट असल्याने रचायला सोप्या. जुने रेल्वेचे लाकडी स्लीपर मात्र मी घेतले नाहीत. त्यांना क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून लावतात ते डांबरी तेल, पाजलेलं असतं, ते विषारी आहे आणि मला वर भाज्या लावायच्या होत्या. आमच्या मापाच्या भिंतीला पावणेचार टनांच्या आसपास दगड लागतो. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण एका घमेल्यात मावेल तेवढाच एका वेळी उचलायचा असतो. जाड बूट, हातमोजे आणि दगड फोडताना चष्मा, यात काटकसर नको.

विकत आणलं ते न दिसणारं सामान: खडी, १०० मिलिमीटरचा छिद्रांचा पाइप आणि जिओटेक्स्टाइल कापड. कापडातून पाणी जातं आणि माती अडते. एकूण खर्चातला मोठा भाग यातच गेला, आणि मला तो सगळ्यात सार्थकी लागलेला वाटतो. पैसे कमी पडत असतील तर समोरचा दगड ओबडधोबड घ्या, पण पाठीमागची खडी कमी करू नका.

पायासाठी ३० सेंटीमीटर खोल चर खणला. त्यात १५ सेंटीमीटर खडी दोन थरांत धुम्मसाने ठोकून बसवली. उरलेल्या १५ सेंटीमीटरमध्ये दगडांचा पहिला थर, म्हणजे तो पूर्ण जमिनीखाली. तो गाडलेला थर भिंतीला पायाशी सरकू देत नाही. चराचा तळ काळ्या, भुसभुशीत मातीवर थांबवायचा नाही. ती माती बाजूला काढून घट्ट जमीन लागेपर्यंत जायचं. समपातळीसाठी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना धरलं. लेव्हल ट्यूबची ही गवंड्यांची जुनी युक्ती लांब अंतरावर छोट्या पाणसळीपेक्षा जास्त भरवशाची आहे. पहिला थर पातळीत आला नाही, तर ती चूक वरपर्यंत जाते, म्हणून सगळ्यात जास्त वेळ आम्ही इथे दिला.

आणि मग रचणं. या भागाबद्दल कितीही लिहिलं तरी मला कमीच वाटेल. पायाशी रुंदी ४५ सेंटीमीटर, माथ्याला ३५; समोरची बाजू वर जाताना मागे कलत जाते, सहा भाग उंचीला एक भाग. हा कल राखायला दोन्ही टोकांना लाकडी पट्ट्यांच्या चौकटी ठोकल्या आणि त्यांच्यामध्ये दोरी ताणली. थर संपला की दोरी वर. मोठे दगड खाली, लहान वर. दगडाची लांब बाजू समोरून छान दिसते, म्हणून ती समोर लावायचा मोह होतो, पण ती आत जायला हवी, मातीच्या दिशेने. सांधेमोड कटाक्षाने करायची: खालच्या दोन दगडांच्या फटीवर वरचा एक दगड. उभी फट दोन-तीन थर सलग दिसली की भिंत तिथूनच फुटणार, असं समजा. साधारण मीटरभर अंतरावर एकेक लांब दगड भिंतीच्या पूर्ण जाडीत आडवा घातला. तो पुढचा आणि मागचा भाग एकत्र बांधून ठेवतो. मधल्या पोकळ्यांत कपच्या हाताने, एकेक करून, घट्ट बसवल्या. वरून फावड्याने खडी ओतून पोकळी भरल्यासारखी दिसते, पण ती खडी पुढे दगडांना बाहेर लोटते. दगड ठेवल्यावर त्यावर हात दाबून पाहायचं. डुगडुगला तर फिरवायचा, दुसरी बाजू पाहायची, नाहीतर दुसरा दगड. थोड्या दिवसांनी नजर तयार होते आणि ढिगाकडे पाहूनच कळतं, या जागेचा दगड कोणता.

सिमेंट का नाही, हे अनेकांनी विचारलं. खर्च वाचतो हे एक. दुसरं म्हणजे सुक्या भिंतीतून पाणी प्रत्येक फटीतून बाहेर येतं. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे आणखी एक फायदा आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि जमीन वर-खाली होते; सिमेंटची भिंत त्याने तडकते, म्हणून तिचा पाया गोठणाऱ्या थराच्याही खाली न्यावा लागतो. सुकी भिंत थोडी हलते आणि परत बसते. युरोपात या कामाला मोठा मान आहे. क्रोएशिया, सायप्रस, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्लोव्हेनिया, स्पेन आणि स्वित्झर्लंड या देशांची ही कला युनेस्कोने २०१८ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. ज्याला नेमाने सारखे ठोकळे हवेत त्याने काँक्रीटचे इंटरलॉकिंग ब्लॉक घ्यावेत; काम लवकर होतं, पैसे जास्त जातात.

भिंत वर चढत गेली तसा मागचा भराव बरोबरीने चढवला. आधी खणलेल्या मातीच्या बाजूला कापड सोडलं. तळाशी पाइप, शंभराला एक या उताराने, आणि त्याचं तोंड भिंतीच्या टोकाला मोकळ्या जागेत काढलं. पाइपच्या सभोवती आणि भिंतीच्या पाठीशी ३० सेंटीमीटर रुंद खडी. तिच्या मागे माती, १५ सेंटीमीटरचे थर, प्रत्येक थर ठोकून. भिंतीजवळ यंत्राचा जड कॉम्पॅक्टर चालवायचा नाही. त्याच्या धक्क्यानेच ताजी भिंत पुढे सरकू शकते. तिथे हाताचा धुम्मस बरा. शेवटी खडीवर कापड दुमडून घेतलं, वर बागेची माती पसरली, आणि माथ्यावर सगळ्यात जड, सपाट दगड ठेवले. पाइपचं तोंड पानांनी बुजत नाही ना, हे मोठ्या पावसानंतर बघावं लागतं. एवढीच देखभाल.

फटींमध्ये ओवा आणि थाइम लावलं आहे. मोठी मुळं धरणारं झाड भिंतीच्या जवळ लावणार नाही.

वरच्या अंगाला आणखी एक ६० सेंटीमीटरची भिंत घ्यायची आहे. ती खालच्या भिंतीपासून निदान १.२ मीटर मागे, म्हणजे खालच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर असायला हवी, नाहीतर तिचा भार खालच्या भिंतीवर येतो आणि दोन बुटक्या भिंतींची मिळून एक उंच भिंत होऊन बसते. तुमच्याकडे वर गाडी उभी राहणार असेल, पाण्याची टाकी असेल किंवा घराचा पायाच जवळ असेल, तर मात्र हे हातचं काम नाही. तिथे इंजिनिअरचे पैसे द्या. आमच्याकडे वर फक्त मेथी-कोथिंबिरीचे वाफे होणार आहेत, तेव्हा दुसरी भिंतही आम्हीच बांधू. दगड जमवायला सुरुवात केली आहे.