रिकामं पाकीट आणि बुडालेली बंदूक

अमेरिकेतल्या सिनसिनाटीत आलो तेव्हा या गावाची माहिती म्हणजे एक नदी, एक साबणवाली मोठी कंपनी आणि न सोसवणारी थंडी. हे खेळण्यांचंही गाव आहे, ते कळलं शेजाऱ्यामुळे. त्याने एका शनिवारी गराजचं दार वर केलं. आत गाडीला जागाच नाही. भिंतभर 'स्टार वॉर्स'ची पावणेचार इंची माणसं उभी!

ही माणसं जन्मली इथल्याच केनर कंपनीत. १९४६ मध्ये तीन स्टायनर भावांनी ती काढली, नाव घेतलं गावातल्या केनर स्ट्रीटवरून. पुढे हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीने ती गिळली आणि २००० मध्ये इथलं ऑफिसही बंद झालं. शेजारी हे सांगताना गिरण्या बंद झालेल्या लालबागकरासारखा दिसतो.

त्याचा आवडता किस्सा रिकाम्या पाकिटाचा. १९७७ च्या मे महिन्यात सिनेमा आला आणि धो धो चालला, पण खेळण्यांचे साचेच तयार नव्हते. नाताळ तर तोंडावर. मग केनरने दुकानात ठेवलं एक चपटं पुठ्ठ्याचं पाकीट. आत थोडे स्टिकर आणि एक सर्टिफिकेट. ते भरून टपालाने पाठवायचं आणि पुढच्या फेब्रुवारी ते जूनमध्ये ल्यूक, लेया, च्यूबाका, आर-टू-डी-टू असे चौघे घरी येण्याची वाट बघायची. आपल्याकडे कुणी दिवाळीत रिकामं खोकं देऊन 'फटाके होळीला येतील' म्हणालं असतं, तर दुकान राहिलं असतं का? इथे मात्र लोकांनी पैसे मोजले. शेजारी तेव्हा आठ वर्षांचा. शाळेतून आला की आधी टपालपेटी उघडायचा.

मग १९७९ ची बोबा फेटची, म्हणजे 'स्टार वॉर्स'मधल्या एका चिलखती पात्राच्या बाहुल्याची स्कीम. चार खेळण्यांच्या पुठ्ठ्यांवरचे खरेदीचे शिक्के कापून पाठवा, बोबा फेट फुकट. पाठीवरचं रॉकेट खरंच उडणार, अशी जाहिरात. पण दुसऱ्या एका खेळण्यातला उडणारा तुकडा घशात अडकून एक मूल दगावलं आणि केनरने विचार बदलला. पोरांच्या हाती पडला तो रॉकेट पक्कं चिकटवलेला बोबा फेट. उडणाऱ्या रॉकेटचे जे मोजके नमुने तेव्हा बनले होते, त्यातला एक २०२४ मध्ये सव्वापाच लाख डॉलरला गेला.

ते शिक्के शेजाऱ्याने आईच्या शिवणाच्या कात्रीने कापले होते. न कापलेल्या, न फोडलेल्या पाकिटांचे आजचे भाव तो सांगायला लागला की त्याची बायको उठून आत जाते. मला आपली गोल्ड स्पॉटची बुचं आठवतात. चित्रांसाठी आम्ही ती टपरीखालच्या चिखलातून वेचायचो. त्यातलं एकही आज माझ्याकडे नाही, आणि असतं तरी ते गंजकंच असतं म्हणा.

परवा आमच्या चिरंजीवांनी जुन्या बाजारातून बारा डॉलरला एक स्टॉर्मट्रूपर, म्हणजे सिनेमातला पांढऱ्या चिलखतातला शिपाई आणला, काळ्या बंदुकीसकट. 'ओरिजिनल आहे' असं विकणारा म्हणाला होता. शेजाऱ्याने काही न बोलता ग्लासभर पाणी आणलं आणि बंदूक त्यात सोडली. केनरच्या जुन्या बंदुका बहुतेक तरंगतात, नक्कल बहुधा बुडते. नखाएवढी ती बंदूक सरळ तळाशी गेली.

"पण दिसते तर तश्शीच!" पोरगं मला मराठीत म्हणालं.

मग पोरानेच दोन बोटं घालून ती बाहेर काढली, शर्टाला पुसली आणि शिपायाच्या हातात पुन्हा नीट बसवली.