पडणे आणि उडी मारणे

पडण्याच्या संवेदनेवर एखादे समूहप्रदर्शन मांडण्याची संधी मला मिळाली, तर सुरुवात मी बास यान आडर या डच कलावंतापासून करीन. १९७० साली कॅलिफोर्नियातल्या आपल्या घराच्या छपरावर खुर्ची ठेवून तो बसला आणि एका बाजूला कलंडून, उतरत्या छपरावरून गडगडत झुडपांत कोसळला. ही कृष्णधवल मूक चित्रफीत अर्ध्या मिनिटाचीही नाही. त्याच वर्षी अॅम्स्टरडॅममध्ये तो सायकलसह कालव्यात गेला. मला मात्र सर्वांत अस्वस्थ करते ती १९७१ ची फीत, जिच्यात तो उंच फांदीला दोन्ही हातांनी लोंबकळत राहतो, चाळवाचाळव करतो, आणि दीड मिनिट उलटून गेल्यावर हात सुटून खालच्या पाण्यात पडतो. पडायला क्षणभर लागतो, परंतु पाहणाऱ्याची बोटे त्याच्या कितीतरी आधीपासून दुखू लागलेली असतात.

तिच्यासमोर मी इव्ह क्लाइन या फ्रेंच कलावंताचे १९६० मधले प्रसिद्ध छायाचित्र लावीन. पॅरिसजवळच्या एका शांत रस्त्यावर, भिंतीवरून हात पसरून झेपावणारा क्लाइन त्यात दिसतो. खाली ताडपत्री धरून उभे असलेले मित्र दोन छायाचित्रे जोडून पुसून टाकले होते. मला ते छायाचित्र आवडते, पण त्यात पडणे नाही, उडी आहे. मराठीत स्वप्न पडते, प्रश्न पडतो, विसर पडतो. जे आपण करत नाही, आपल्या बाबतीत होते, त्यालाच आपण हे क्रियापद लावतो. आडरनेही आपल्या पडण्याचे कर्तेपण गुरुत्वाकर्षणाकडे दिले होते.

हेंड्रिक गोल्त्सिउस या डच मुद्राचित्रकाराची १५८८ मधली, कोसळणाऱ्या माणसांची चार वर्तुळाकार मुद्राचित्रे एकाच ओळीत हवीत. टँटलस, इकारस, फेथॉन आणि इक्सायन ही ग्रीक पुराणकथांतली चार निराळी माणसे आहेत, तरीही शेजारी ठेवल्यावर एकच देह हवेत फिरत असल्याचा भास होतो. आपल्या आतल्या कानात सूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्या भारावरून शरीराला खाली कोणती बाजू आहे ते कळते. मुक्तपणे पडताना तो भारच नाहीसा होतो. आकाशपाळणा खाली येताना पोटात येणारा गोळा ज्याने अनुभवला आहे, त्याला गोल्त्सिउसच्या त्या ताणलेल्या बोटांचा अर्थ सांगावा लागणार नाही.

१९७५ मध्ये छोट्या होडीतून एकट्याने अटलांटिक ओलांडायला निघालेला आडर परतला नाही, म्हणून या फितींत त्याच्या मृत्यूची नांदी शोधण्याचा मोह अनेकांना होतो. माझ्या प्रदर्शनातल्या फलकावर ही माहिती नसेल.